हुकूमनामा आणि दरखास्त

मामांच्या सोप्यात भिंतीवर लंबकाचं जुनं घड्याळ आहे. दर रविवारी संध्याकाळी ते स्टुलावर चढून त्याला चावी देतात आणि दर रविवारी मामी आतून ओरडते, "उतरा खाली, पडाल." चालीच्या भोकात दहा वेढे, ठोक्यांच्या भोकात आठ. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली, पण वेढे मोजताना चेहरा अजून कोर्टातलाच असतो.

त्या रविवारी मी गेले होते ती खर्डा घेऊन. आमच्या तालुक्याच्या वकील संघात महिन्यातून एकदा कुणीतरी एखाद्या न्यायाधीशावर बोलायचं असं ठरलंय. रानडे झाले, तेलंग झाले, छागला झाले. माझी पाळी आली तेव्हा मी फ्रँक जॉन्सन हे नाव दिलं. "हा कुठला?" अध्यक्षांनी विचारलं. "अमेरिकेतला, अलाबामाचा," म्हटल्यावर त्यांनी ते नाव फळ्यावर चुकीचं लिहिलं आणि चहा मागवला.

"वाच," मामा म्हणाले. "पण मी मध्येच बोलणार. सरतपासणीत साक्षीदाराला फार मोकळं सोडलं की तो भाषण करतो."

मी वाचायला लागले. जन्म १९१८चा. अलाबामाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ विन्स्टन काउंटीत. दुसऱ्या महायुद्धात पायदळात, नॉर्मंडीत जखमी. मग वकिली, मग सरकारी वकील, आणि १९५५च्या नोव्हेंबरात, सदतिसाव्या वर्षी, माँटगोमेरीच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश. देशातल्या फेडरल न्यायाधीशांत तेव्हा सगळ्यांत तरुण.

"थांब. फेडरल म्हणजे काय ते आधी सांग. आपली उतरंड एकच. तालुका, जिल्हा, हायकोर्ट, दिल्ली. तुझ्या संघातल्या पोरांना ते दोन रांगांचं कळणार नाही."

"तिकडे राज्याचं कोर्ट वेगळं आणि केंद्राचं वेगळं, एकाच गावात. अलाबामात राज्याचे न्यायाधीश निवडणूक लढवतात, दारोदार मतं मागतात. फेडरल न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते, आणि मग तो तहहयात. निवृत्तीचं वय नाही. पगार कुणाला कमी करता येत नाही. बदली नाही."

"बदली नाही?" मामांनी चष्मा काढला. "कधीच?"

"कधीच. जॉन्सन त्या एका कोर्टात चोवीस वर्षं बसले."

"मग धैर्याचं काय एवढं कौतुक लावलंयस? ज्याला कुणी हलवू शकत नाही त्यानं निर्भय असावं, हे त्याच्या पगारातच धरलेलं आहे. आमच्यात तीन वर्षं झाली की सामान बांधायचं. आणि एखादा निकाल कुणाला बोचला तर तीन वर्षंही नाहीत."

"बदली नाही म्हणजे सुटकाही नाही, मामा. निकाल दिला की संध्याकाळी त्याच गावात दूध आणायला जायचं. त्यांच्या अंगणात कू क्लक्स क्लॅनवाल्यांनी क्रूस पेटवला. १९६७मध्ये त्यांच्या आईच्या घरी बाँब फुटला. मुलाचंच घर समजून ठेवला असावा असं मानतात. म्हातारी वरच्या मजल्यावर होती, वाचली. पुढे कितीतरी वर्षं घराबाहेर मार्शलांचा पहारा. गावातल्या प्रतिष्ठितांनी त्यांना आपल्यात घेणं बंद केलं. ते सुतारकाम करत बसायचे. जुनी उंच लंबकाची घड्याळं दुरुस्त करायचे."

मामांनी भिंतीकडे पाहिलं, पण दाद दिली नाही. "विन्स्टन काउंटीचं तू एका वाक्यात उरकलंस. त्यातच तर मेख आहे. मी वाचलंय ते."

वाचलं होतं त्यांनी. मी नाव सांगितल्यापासून आठवडाभर ते तयारी करत होते, हे मामीनं नंतर सांगितलं.

मेख खरीच होती. १८६१मध्ये अलाबामा अमेरिकेतून फुटून निघालं, तेव्हा त्या डोंगरातल्या माणसांनी फुटायला नकार दिला. तिथं कापसाचे मोठे मळे नव्हते, गुलाम जवळजवळ नव्हते, मग मळेवाल्यांसाठी मरायचं कशाला? पुढे शंभर वर्षं सगळं राज्य डेमोक्रॅट असताना ही काउंटी रिपब्लिकन राहिली. जॉन्सनचे वडील राज्याच्या विधानसभेत त्या पक्षाचे एकटेच.

"म्हणजे तो त्यातला नव्हताच," मामा म्हणाले. "उपरा. ज्याचं त्या समाजात काही अडकलेलं नाही, त्याला समाजाविरुद्ध निकाल देणं सोपं. गावातल्या माणसानं द्यावा, मग बोलू."

"गावातल्या माणसानंही दिला." हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. "बसच्या खटल्यात तीन न्यायाधीश होते. जॉन्सन, सेबर्न लिन आणि रिचर्ड राइव्ज. राइव्ज जन्मापासून माँटगोमेरीचे, जुन्या घराण्यातले. लिन विरुद्ध गेले. राइव्ज जॉन्सनबरोबर राहिले, आणि गावानं त्यांनाही वाळीत टाकलं."

"हं." हा 'हं' कोर्टातला होता. आक्षेप राखून ठेवला, पुढे चला.

बसचा खटला आपल्याकडे रोझा पार्क्स यांच्या नावानं माहीत असतो. १ डिसेंबर १९५५ला त्यांना अटक झाली. जॉन्सनना खुर्चीवर बसून तेव्हा महिनाही झाला नव्हता. पण बसमधला वर्णभेद मोडला तो पार्क्स यांच्या खटल्यानं नव्हे. त्यासाठी वेगळा दावा लावला गेला, चार बायकांचा. ऑरेलिया ब्राउडर, सुसी मॅक्डॉनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्व्हिन. कॉल्व्हिन शाळकरी पोरगी. रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी ती सीटवरून उठली नव्हती. ५ जून १९५६ला दोन विरुद्ध एक असा निकाल लागला: शाळांतला भेद जर घटनाबाह्य ठरला असेल, तर बसमधला वेगळा कसा? सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबरात तो कायम केला. बसवर बहिष्कार टाकून ३८१ दिवस पायी चाललेली माणसं डिसेंबरात पुन्हा बसमध्ये चढली.

"हा निकाल मला पसंत आहे," मामा म्हणाले. "घटना काय म्हणते, वरच्या कोर्टानं काय सांगितलंय, हे कलम त्यात बसतं की नाही. बसत नाही, रद्द. झालं. न्यायाधीशाचं काम एवढंच. आता वॉलेसचं वाच."

जॉर्ज वॉलेस आणि जॉन्सन अलाबामा विद्यापीठात कायदा एकत्र शिकलेले, दोस्त. वॉलेस पुढे राज्याचा न्यायाधीश झाला, निवडणूक लढवून. १९५८मध्ये केंद्राच्या नागरी हक्क आयोगानं मतदार नोंदणीची दप्तरं मागितली. काळ्या माणसांची नावं कशी गाळली जातात ते तपासायला. वॉलेस म्हणाला, देणार नाही, येईल त्याला तुरुंगात टाकीन. जॉन्सननी हुकूम दिला. वॉलेस एका रात्री जॉन्सनच्या घरी आला, मित्राकडे गळ घालायला. शिक्षा हवी होती त्याला, पण जुजबी. मतदारांपुढे हुतात्मा व्हायला पुरेल इतकी. जॉन्सननी ऐकलं नाही. मग वॉलेसनं दप्तरं गुपचूप ग्रँड ज्यूरींच्या हवाली केली, त्यांच्याकडून ती आयोगाला मिळाली, आणि बाहेर हा छाती पुढे काढून सांगत राहिला की मी दिली नाहीत.

जानेवारी १९५९मध्ये अवमानाचा खटला उभा राहिला. जॉन्सननी त्याला निर्दोष सोडलं. आडवाटेनं का होईना, हुकूम पाळला गेलेला आहे, असं लिहून.

"इथं मी अडकते," मी म्हटलं. "सोडायचा कशाला? चार दिवस आत टाकला असता तर—"

"तर त्याला हवं होतं तेच मिळालं असतं." मामा पहिल्यांदाच खुलले. "अगं, काय सुंदर निकाल आहे! तो शिक्षा मागायला आला होता, यानं ती नाकारली. आणि 'याने हुकूम पाळला' हे कागदावर कायमचं नोंदवून ठेवलं. बेअब्रू करायची तर अशी. न्यायाधीशाला राग आला तरी रोजनाम्यात राग लिहायचा नसतो."

बेअब्रू झोंबली खरी. वॉलेस पुढे प्रत्येक सभेत या जुन्या मित्राला खोटारडा आणि त्याहून वाईट शिव्या देत हिंडला आणि १९६२मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आलाच. पण मामांच्या या एका मुद्द्यानं माझ्या खर्ड्यातला एक परिच्छेद मी तिथंच खोडला.

सेल्माच्या मोर्च्यावर आमची बाजू पुन्हा उलटी झाली. ७ मार्च १९६५, रविवार. मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून माँटगोमेरीला निघालेल्या सहाशे माणसांना एडमंड पेटस पुलापलीकडे पोलिसांनी लाठ्यांनी आणि अश्रुधुरानं झोडपलं. दुसऱ्या दिवशी मोर्चेकरी जॉन्सनकडे आले: पोलिसांना मनाई द्या, आम्ही मंगळवारी पुन्हा निघतोय. आणि जॉन्सननी मनाई दिली ती मोर्च्याला! सुनावणी होईपर्यंत निघू नका. मंगळवारी मार्टिन ल्यूथर किंग लोकांना घेऊन पुलापलीकडे गेले, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि परत फिरले.

"डोकी फुटलेल्या माणसांना 'थांबा' म्हणायचं?" मी विचारलं. "हा कसला न्याय?"

"तू काल कोर्टात तूर्तातूर्त मनाई मागितलीस तेव्हा समोरच्याला नोटीस काढल्याशिवाय मिळाली का? नाही. मग तू चिडलीस का? नाही, तारीख घेतलीस. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय हुकूम नाही, हे किंगलाही लागू आणि वॉलेसलाही लागू. मला तर वाटतं, त्यानं मंगळवारी किंगला थांबवलं म्हणूनच पुढच्या आठवड्यात वॉलेसला थांबवता आलं."

सुनावणी झाली. कोर्टात पुलावरच्या मारहाणीची फिल्म दाखवली. १७ मार्चला हुकूम आला: मोर्चा निघेल, आणि राज्य त्याला संरक्षण देईल. अरुंद रस्त्यावर तीनशेच माणसं, पुढे रस्ता रुंद झाला की हवी तितकी. ५४ मैलांचा रस्ता. वॉलेसनं खर्चाला नकार दिला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी राज्याचं नॅशनल गार्ड आपल्या ताब्यात घेतलं. २५ मार्चला पंचवीस हजार माणसं माँटगोमेरीत पोचली.

"या हुकुमातलं एक वाक्य मात्र मला रुचत नाही," मामा म्हणाले. "निदर्शनाचा हक्क किती? तर ज्या अन्यायाविरुद्ध निदर्शन, त्या अन्यायाच्या प्रमाणात. म्हणजे अन्याय मोठा तर हमरस्ता मोठा. ऐकायला बरं आहे. पण हे माप काढायचं कुणी? उद्या एखादा जमाव येईल आणि म्हणेल, आमच्यावर सगळ्यात मोठा अन्याय, आम्हाला पुणे-बंगळूर रस्ता पाच दिवस द्या."

"पुराव्यावरून काढायचं. जॉन्सनपुढे तालुक्यागणिक आकडे होते, किती काळे लोक राहतात आणि किती मतदार आहेत. शिवाय ती फिल्म."

"पुरावा मारहाणीचा होता. माप त्याच्या मनातलं."

हा मुद्दा मला खोडता आला नाही. अजूनही येत नाही. व्याख्यानात मी तो तसाच ठेवला.

मग मी मुद्दाम टस्कीगी काढलं. मामांच्या आवडत्या संयमाची दुसरी बाजू त्यांना दाखवायची होती. १९५७मध्ये अलाबामाच्या विधानसभेनं टस्कीगी गावाची हद्द नव्यानं आखली. गाव आधी चौरस होतं, ते अठ्ठावीस बाजूंचं झालं. नकाशा पाहिला तर एखाद्या पोरानं कात्रीनं कागद कुरतडल्यासारखा दिसतो. त्या कुरतडण्यात गावातले चारशे काळे मतदार, चार-पाच सोडून, सगळे हद्दीबाहेर गेले आणि एकही गोरा गेला नाही. दावा जॉन्सनपुढे आला. त्यांनी फेटाळला. हद्द ठरवणं विधानसभेचं काम, कोर्टाचं नाही.

"वाचलंय. तेव्हाच्या नजीरांप्रमाणे बरोबरच होतं ते."

"१९६०मध्ये सुप्रीम कोर्टानं एकमतानं फिरवलं."

"फिरवलं, आणि मग त्यानं पुढच्याच वर्षी तो कायदा रद्द ठरवला, निमूटपणे. वरचं कोर्ट म्हणालं ते केलं. यात लाजिरवाणं काय?"

"तीन वर्षं ती माणसं स्वतःच्या गावात परकी होती. तुमचा संयम त्यांनी भोगला, मामा."

मामी चहा घेऊन आली आणि दोघांकडे पाहून तशीच आत गेली.

खरं भांडण चहानंतर झालं. कारण चहापर्यंतचे सगळे निकाल 'हे करू नका' असे होते. बसमध्ये वेगळं बसवू नका, मोर्चा अडवू नका, नावं गाळू नका. १९७०नंतर जॉन्सनच्या कोर्टातून जे निघालं ते 'हे असं करा' होतं, आणि तिथं मामांच्या आयुष्यभराच्या समजुतीला धक्का लागत होता.

टस्कलूसात ब्राइस हॉस्पिटल नावाचं राज्याचं मनोरुग्णालय. १९७०मध्ये तिथं पाच हजारांवर रुग्ण. सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं म्हणून राज्यानं तिथले जवळजवळ शंभर कर्मचारी काढून टाकले. त्यातली एक बाई. तिचा पंधरा वर्षांचा भाचा, रिकी वायट, त्याच हॉस्पिटलात ठेवलेला; वागणुकीनं द्वाड, एवढंच कारण, मानसिक आजार असा नव्हताच. कर्मचाऱ्यांनी नोकरीसाठी दावा लावला आणि त्यात या पोराचं नाव वादी म्हणून घातलं: माणसं कमी झाली की रुग्णांचे हाल होतात.

जॉन्सननी नोकरीचा मुद्दा बाजूला सारला आणि पोराचा धरला. या माणसांनी गुन्हा केलेला नाही. त्यांना कोंडलंय ते उपचारासाठी. मग उपचारच नसतील तर कोंडण्याचा अधिकार कुठून आला? रुग्णाच्या एका दिवसाच्या जेवणावर पन्नास सेंट खर्च होत होते.

"दावा नोकरीचा, हुकूम हॉस्पिटलाचा!" मामा जवळजवळ उठले. "मागितलं एक, दिलं भलतंच. माझ्याकडे एखाद्या कनिष्ठानं असा निकाल दिला असता तर अपिलात मी पहिल्या पानावर फिरवला असता."

"राज्याला सहा महिने दिले होते त्यांनी सुधारायला. काही झालं नाही. मग १९७२मध्ये मानकं लिहून दिली. आठ रुग्णांमागे एक संडास. पंधरांमागे एक न्हाणी. एका खोलीत सहापेक्षा जास्त माणसं नकोत. खोलीचं तापमान अडुसष्ट ते त्र्याऐंशी फॅरनहाइट. नळाला येणारं गरम पाणी एकशेदहा अंश."

"बघ! नळाचं पाणी किती गरम असावं हे न्यायाधीश ठरवणार. पैसे कोण देणार? विधानसभा. तिथं बसलेल्यांना लोकांनी निवडून दिलंय, याला कुणी दिलंय? तूच म्हणालीस ना, तहहयात?"

"त्या हॉस्पिटलातल्या माणसांची मतं कोण मागायला जातं? निवडून आलेल्यांना त्यांचं काय पडलंय? आणि तुरुंगातल्यांचं?"

तुरुंगाचा निकाल १९७६चा. तो मी खर्ड्यात जवळजवळ शब्दशः उतरवला होता, कारण त्याला माझे शब्द लावायची गरज नव्हती. चार फूट रुंद, आठ फूट लांब कोठडीत सहा-सहा कैदी. खाट नाही, दिवा नाही, नळ नाही. संडास म्हणजे जमिनीत एक भोक, आणि त्यावर पाणी सोडायचं बटण कोठडीच्या बाहेर, पहारेकऱ्याच्या हातात. दुसऱ्या एका बराकीत दोनशेंहून जास्त माणसांमागे एक चालू संडास. जॉन्सननी लिहिलं, हे राज्यघटनेला धरून नाही, आणि पुन्हा मानकांची यादी दिली. कोठडी किमान साठ चौरस फूट. देखरेखीला नागरिकांची समिती. वॉलेस तोवर पुन्हा गव्हर्नर झालेला होता. तो म्हणत सुटला, हे न्यायाधीश तुरुंगाचं हॉटेल करायला निघालेत.

"समितीचं वरच्या कोर्टानं काय केलं ते सांग," मामा म्हणाले.

"बरखास्त केली. मानकांतला काही भागही काढला. पण कोठड्या घटनाबाह्य, हे कायम ठेवलं."

"आपल्याकडेही हे आलंच. हुसैनआरा खातूनचा निकाल १९७९ला, बंधुआ मुक्ती मोर्चाचा १९८४ला. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण सवय लागली. आता रस्त्यातल्या खड्ड्यांवर हायकोर्टाला बसावं लागतं. नगरपालिका काय करते? कोर्टाच्या हुकुमाची वाट बघते. तुझ्या जॉन्सनमुळे अलाबामाचं सरकार सुधारलं की आळशी झालं?"

मी म्हटलं, "दरखास्तीचं काय, मामा?"

आमच्याकडे दिवाणी वकिली करणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. हुकूमनामा मिळवायला पाच-दहा वर्षं, आणि तो अंमलात आणायला दरखास्त लावली की खरी सुरुवात. बेलिफ जातो, कुलूप असतं. पुन्हा जातो, आजारी म्हातारी पुढे करतात. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, हे प्रिव्ही कौन्सिलनं १८७२मध्ये लिहून ठेवलंय आणि ते वाक्य सगळ्या कोर्टांत अजून चालतं. माझं म्हणणं एवढंच होतं की जॉन्सनना हे कळलं होतं. 'उपचार द्या' हा हुकूमनामा झाला. आठ माणसांमागे एक संडास ही दरखास्त. संडास मोजता येतो. मोजता येत नाही त्या हुकुमाला सरकार 'अंमलबजावणी चालू आहे' असं उत्तर देतं आणि न्यायाधीशाला गप्प बसावं लागतं.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी न विचारता एक हकिगत सांगितली. एका जिल्ह्यात असताना ते तुरुंगाच्या तपासणीला गेले होते. जिल्हा न्यायाधीशाला जावं लागतं. बायकांच्या बराकीत नळाला पाणी नव्हतं. बादल्या भरून आणायच्या, त्याही मोजून. त्यांनी भेटीच्या रजिस्टरात लिहिलं, 'स्त्रियांच्या बराकीत पाणी नाही. तातडीने व्यवस्था व्हावी.' वर्षभरानं पुन्हा गेले. रजिस्टर उघडलं तर त्यांच्या शेऱ्याखाली हिरव्या शाईत लिहिलेलं, 'नोंद घेतली', आणि सही.

"मग?"

"मग मी पुन्हा लिहिलं. 'मागील शेरा पाहावा.' आणि मे महिन्यात माझी बदली झाली."

"आणि पाणी?"

"माझ्यापुढे अर्ज नव्हता," मामा म्हणाले. आवाज पुन्हा कोर्टातला. "असता तरी तो विषय हायकोर्टाचा. माझं म्हणणं मी मागे घेत नाही. नळ लावणं माझं काम नव्हतं."

मी पुढचं पान उलटलं. इथून पुढे जॉन्सनचं आयुष्य भराभर जातं. १९७५मध्ये त्यांचा दत्तक मुलगा गेला, एकुलता. १९७७मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयचं प्रमुखपद देऊ केलं, पण हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन झालं आणि ते राहून गेलं. १९७९मध्ये अपील कोर्टावर बढती. १९९५ला देशाचं सर्वोच्च नागरी पदक. २३ जुलै १९९९ला मृत्यू. ज्या माँटगोमेरीत प्रतिष्ठित त्यांच्याशी धड बोलत नव्हते, तिथल्या कोर्टाच्या इमारतीला आता त्यांचं नाव आहे. इतकं सगळं मी एका दमात वाचलं आणि मामांनीही अडवलं नाही.

"हॉस्पिटलच्या दाव्याचं काय झालं?" त्यांनी विचारलं. "१९७९ला हा वर गेला. म्हणजे शेवटी झालीच बदली. फाइल कुणाकडे आली?"

"त्यांच्या खुर्चीवर १९८०मध्ये आले मायरन थॉम्पसन. पुढे ती फाइल त्यांच्याकडे होती. काळे आहेत. जन्म टस्कीगीचा, १९४७चा."

मामांनी मान वर केली. "त्या अठ्ठावीस बाजूंच्या गावातला?"

"हो. हद्द कुरतडली तेव्हा दहा वर्षांचे होते. ब्राइसचा दावा त्यांनी २००३च्या डिसेंबरात बंद केला. आणि २०१७मध्ये त्यांनीच निकाल दिला की अलाबामाच्या तुरुंगांत मानसिक रुग्णांची काळजी भयानक अपुरी आहे."

"१९७६ला तेच, २०१७ला तेच. मी काय म्हणत होतो?"

"हॉस्पिटलचा तरी संपला ना?"

"१९७० ते २००३." मामांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "तेहतीस वर्षं. आमच्याकडे अकरा बदल्या. अकरा न्यायाधीशांनी ती फाइल पहिल्यापासून वाचली असती. आणि ते पोरगं, पंधराचं? अठ्ठेचाळीसचं झालं असेल."

घड्याळानं सातचे ठोके दिले. दोन मिनिटं पुढे आहे ते. मामांना माहीत आहे, पण ते मागे करत नाहीत. मी कागद गोळा केले. चपला घालताना त्यांनी विचारलं, "उद्या कुठं आहेस?"

"दुसऱ्या सहदिवाणीत."

"कशाला?"

"दरखास्त आहे."

"कुठल्या सालची?"

"२०११."

"बेलिफाचा रिपोर्ट आला?"

"कुलूप होतं म्हणे."

मामांनी दार उघडून धरलं. "मग पंचनामा मागव. कुलपाचा फोटो काढायला सांग. आणि तारीख लांबची घेऊ नकोस. मे महिना जवळ आलाय."